पट्टीच्या मागची बाजू

पोस्टकार्डाहून थोडा मोठा, पिवळा पडलेला, चार घड्यांचा एक कागद. त्यावर शिसपेन्सिलीने काढलेले एक झाड आणि झाडाच्या अवतीभवती काही माणसे. रंग नाही, छायाप्रकाश नाही, कुणाला चेहराही नाही. चित्रकलेच्या कोणत्याही परीक्षेत या चित्राला उत्तीर्ण होण्यापुरतेही गुण मिळाले नसते. तरीही गेली काही वर्षे मी ज्या एका चित्रापुढे पुनःपुन्हा जाऊन बसतो, ते हेच चित्र आहे. नामवंत चित्रकारांची प्रदर्शने मी पाहिली आहेत आणि त्यांतून आनंदही घेतला आहे. परंतु त्यांपैकी कोणत्याही चित्राने मला प्रश्न विचारला नाही. या चित्राने विचारला, आणि त्याचे उत्तर द्यायला मला पुष्कळ उशीर झाला.

हे चित्र माझ्या वडिलांनी १९६७ सालच्या उन्हाळ्यात काढले. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी सुट्टीच्या दिवसांत बस्तीमध्ये पाठशाळा भरे. त्या आठवड्यात पंडितजींनी सहा लेश्यांची नावे पाठ करून यायला सांगितली होती : कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल. श्वेतांबर परंपरेत चौथीला तेजोलेश्या म्हणतात, हे मला फार नंतर कळले. त्या वेळी सहा नावांचाच क्रम मला साधत नव्हता. पीत आणि पद्म यांची हटकून अदलाबदल होई. सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपली होती. मी सोप्यात बसून मोठ्याने घोकत होतो आणि अण्णा भिंतीला टेकून ऐकत होते. ते त्या दिवशी हळदीची पोती घेऊन सांगलीच्या बाजारात गेले होते व नुकतेच परतले होते.

थोड्या वेळाने ते म्हणाले, “नावं पाठ केलीस. माणसं बघितलीस का?”

मला अर्थ कळला नाही. अण्णांनी कोपरीच्या खिशातून एक कागद काढला, माझी पाटी मांडीवर घेतली, तिच्यावर तो कागद पालथा ठेवला आणि माझ्याच पेन्सिलीने झाड काढायला सुरुवात केली. अण्णांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. त्यांना चित्र काढताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते आणि त्यानंतरही पाहिले नाही.

दोन उभ्या रेषांचा बुंधा, त्यावर एका सलग नागमोडी रेषेचा घेर आणि घेरात टिंबे. टिंबे म्हणजे जांभळे, हे सांगावे लागले नाही; कारण आमच्या ओढ्याकडच्या बांधावर असेच एक जांभळाचे झाड होते. मग एकेक माणूस आला. पहिला झाडाच्या मुळाशी, पाय फाकवून कुऱ्हाड उगारलेला. दुसऱ्याची कुऱ्हाड बुंध्यावर. तिसरा मोठ्या फांदीवर. चौथा फळांनी लगडलेल्या डहाळ्या मोडणारा. पाचवा हात उंच करून फळे तेवढी तोडणारा. सहावा खाली पडलेली फळे वेचणारा. सहाही जण वाट चुकलेले, सहाही जण भुकेलेले. भूक सर्वांची सारखीच. परंतु ती भागविण्यासाठी झाडाचे किती नुकसान करायची मनाची तयारी आहे, यात त्यांचा फरक. अण्णांनी एवढे सांगितले आणि सहा नावे पायरीपायरीने त्या सहा माणसांपुढे ठेवली. त्यानंतर क्रम कधीही चुकला नाही.

मला मात्र एक शंका आली होती. मी विचारले, “अण्णा, पहिल्यानं मुळापासून तोडलं, दुसऱ्यानं बुंध्यापासून. झाड दोघांनीही पाडलंच की. मग फरक काय?”

अण्णा म्हणाले, “मूळ राहिलं तर फूट येती, बाळ. तेवढाच फरक.”

त्यांनी कागद घडी करून पुन्हा खिशात घातला. ती पट्टी होती. शेतकऱ्याचा माल अडत दुकानात विकला गेला म्हणजे त्याचा जो हिशेब कागदावर मिळतो, त्याला आमच्याकडे पट्टी म्हणतात. ती जपून ठेवणे भाग होते.

लेश्यावृक्षाचे हे चित्र आपल्या समाजात बहुतेकांनी कोठे ना कोठे पाहिलेले असते. कित्येक मंदिरांच्या भिंतींवर ते आहे, पाठशाळेच्या पुस्तकांत आहे. त्याचे एक जुने शब्दरूप आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या ‘गोम्मटसार’ या ग्रंथाच्या जीवकांडात येते. तेथे हे सारे अवघ्या दोन गाथांत आटोपले आहे. पहिल्या गाथेत अरण्यात वाट चुकलेले सहा वाटसरू आणि फळांनी भरलेला एक वृक्ष. दुसऱ्या गाथेत मूळ, खोड, फांदी, डहाळी, फळ आणि पडलेले फळ ही सहा स्थाने. बस्स. वाटसरूंची नावे नाहीत, गावे नाहीत, पुढे त्यांचे काय झाले तेही नाही.

नेमिचंद्राचार्य हे चामुंडरायाचे समकालीन. श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर भगवान बाहुबलींची सत्तावन्न फुटांची मूर्ती ज्याने दहाव्या शतकात घडवून घेतली तोच हा चामुंडराय, आणि गोम्मटसार या ग्रंथाच्या नावातला ‘गोम्मट’ही तोच. मला या योगायोगाचे फार नवल वाटते. एकाच काळात, एकाच परिसरात, एका बाजूला अखंड पाषाणातून सत्तावन्न फूट उंचीचे वैराग्य उभे राहिले आणि दुसऱ्या बाजूला दोन गाथांत मावणारे एक झाड लिहिले गेले. एक पाहायला डोंगर चढावा लागतो. दुसरे नऊ वर्षांच्या मुलाच्या पाटीवरही मावते. परंतु दोन्हीही माणसाला एकाच प्रश्नापाशी आणून सोडतात : आपण काय धरून ठेवले आहे आणि काय सोडू शकतो?

आपल्या परंपरेला लहान आकाराचे वावडे कधीच नव्हते. मूडबिद्रीला जपून ठेवलेल्या धवला आदी सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रांवर बाराव्या शतकातील चित्रे आहेत. ताडपत्राची रुंदी चार बोटांहून फारशी मोठी नसते. तेवढ्या जागेत तीर्थंकर, यक्ष-यक्षी आणि श्रावक मावले आहेत. रोज सकाळी पाटावर आपण अक्षतांचा स्वस्तिक काढतो, त्यावर तीन टिंबे, त्यावर चंद्रकोर आणि कोरीत एक टिंब. चार गती, रत्नत्रय, सिद्धशिला आणि सिद्ध परमात्मा! चिमूटभर तांदळात सारा प्रवास. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने १९७४ साली सर्व संप्रदायांनी मिळून जे जैन प्रतीक स्वीकारले, तेही मोजक्या रेषांचेच आहे; मूल ते वहीच्या कोपऱ्यात काढू शकते. ज्या चित्रात थोडे असते, त्यात उरलेले पाहणाऱ्याने भरायचे असते. भरता भरता ते त्याचे होते.

लेश्यावृक्षाच्या चित्रात मात्र याहून वेगळी एक गोष्ट आहे. ती ध्यानात यायला मला पन्नास वर्षे लागली.

लेश्या म्हणजे जिच्यामुळे आत्मा कर्मांनी लिप्त होतो ती परिणती. मन, वचन व काया यांच्या प्रवृत्तीला कषायांचा रंग चढला म्हणजे ती भावलेश्या, असे आचार्यांनी सांगितले आहे. ‘रंग’ हा शब्द येथे महत्त्वाचा. उत्तराध्ययन सूत्राचे चौतिसावे अध्ययन संपूर्णपणे लेश्यांवर आहे. त्यात प्रत्येक लेश्येचा वर्ण, रस, गंध आणि स्पर्शही सांगितला आहे. कृष्णलेश्या पाण्याने भरलेल्या मेघासारखी, कापोत पारव्याच्या मानेसारखी, शुक्ल शंखासारखी. त्यामुळे चित्रकारांनी सहा माणसांना सहा रंग दिले, हे स्वाभाविकच होते. आमच्या बस्तीत काचेच्या चौकटीत असेच एक छापील चित्र होते. मुळाशी काळाकुट्ट माणूस, मग निळा, मग करडा, पिवळा, गुलाबी आणि शेवटचा शुभ्र. श्रवणबेळगोळच्या जैन मठातील भित्तिचित्रांतही लेश्यांचे झाड व त्याच्याभोवतीची सहा माणसे आहेत. २०१८ च्या महामस्तकाभिषेकाच्या वेळी मी ते चित्र पाहिले आणि बराच वेळ तेथे उभा राहिलो.

परंतु रंगीत चित्राची एक अडचण असते. रंग उत्तर आधीच सांगून टाकतो. काळा माणूस दिसला की पाहणारा मनाशी म्हणतो, “हा वाईट. हा मी नव्हे.” पांढऱ्याकडे पाहून तो हात जोडतो आणि पुढे जातो. चित्र पाहून होते, पुण्य पदरी पडल्यासारखे वाटते आणि पाहणारा होता तसाच घरी परततो. मीही कित्येक वर्षे तसाच परतत आलो.

अण्णांच्या चित्रात रंग नव्हते. त्यांच्यापाशी एकच पेन्सिल होती. सहाही माणसे एकाच शिशाच्या करड्या रंगाची, सारख्याच उंचीची, सारख्याच धोतराची. कुऱ्हाड कोठे टेकली आहे एवढ्यावरूनच ओळखायचे. दुरून पाहिले तर सहाही जण शेजारी शोभतील असे सज्जन वाटतात. आणखी एक गोष्ट. गोम्मटसारात ते वाटसरू झाड तोडत नाहीत; तोडण्याचा विचार करतात. लेश्या विचारापाशीच ठरते. चित्रात विचार काढता येत नाही म्हणून चित्रकार कुऱ्हाड काढतो. जीवनात याच्या नेमके उलट असते. विचार असतो आणि कुऱ्हाड दिसत नाही.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना संकोच होतो. परंतु ते वगळले तर या लेखाला अर्थ उरणार नाही.

अण्णा १९९३ साली गेले. मी तोवर बँकेत अधिकारी झालो होतो आणि शहरात राहत होतो. थोरले बंधू, आमचे दादा, गावी शेती पाहत होते. १९९६ मध्ये मी वाटणी मागितली. मागण्यात गैर काही नव्हते. मुलांची शिक्षणे होती, घराचे कर्ज होते. दादांनीही नकार दिला नाही. मात्र ज्या रीतीने मी ती वाटणी केली, ती रीत माझी होती. कर्जदाराच्या तारणाची यादी करावी तशी मी घरादाराची यादी केली. जमीन, विहीर, मोटार, बैलजोडी, गोठा, भांडी, कोठारातील कणग्या, सर्वांचे मूल्यांकन. प्रत्येक गोष्टीचे दोन भाग आणि प्रत्येक भागासमोर रक्कम. पंच म्हणाले, “साहेबांनी काम चोख केलं.” मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता.

हद्द मोजली तेव्हा ओढ्याकडचे जांभळाचे झाड नेमके बांधावर आले. दादा म्हणाले, “झाड सामाईक ठेवू या. फळं तुझी पोरं बी खातील, माझी बी.” मी म्हणालो, “दादा, सामाईक म्हटलं की पुढं तंटे होतात. विकू आणि निम्मे निम्मे करू.” जांभळाचे लाकूड पाण्यात टिकते, त्याला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला नाही. रीतसर परवानगी काढली. झाड पडले तेव्हा मी तेथे नव्हतो, कामावर होतो. माझ्या वाट्याचे २,१०० रुपये पोचले, ते मी मोजून घेतले आणि वाटणीच्या फाईलमध्ये तशी नोंद केली.

भांडण झाले नाही. कोर्टकचेरी झाली नाही. लग्नकार्यात आम्ही एकमेकांकडे जात राहिलो, वाकून नमस्कार करत राहिलो, पर्युषणानंतर क्षमापत्रे पाठवत राहिलो. परंतु उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना गावी पाठवणे थांबले आणि दादांनी ‘कधी येतोस’ असे विचारणेही थांबले. माझी जमीन मी वाट्याने दिली. वर्षातून एकदा जाऊन वरच्या अंगाला, रस्त्याकडेला उभा राहून हिशेब घेई आणि परत येई. ओढ्याकडे उतरण्याचे कारण उरले नव्हते.

२०१८ साली मी निवृत्त झालो. २०२२ मध्ये गावचे जुने घर पाडायला काढले तेव्हा पुतण्याने एक पत्र्याची ट्रंक माझ्याकडे पाठवली. “काका, जुने कागद आहेत. तुम्हालाच कळतील,” असे तो फोनवर म्हणाला. ट्रंकेत शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या, सोसायटीची पासबुके होती आणि सुतळीने बांधलेला पट्ट्यांचा एक गठ्ठा होता. चाळीस वर्षांची सवय. मी चष्मा लावला आणि बेरजा तपासू लागलो.

१९६७ सालच्या वैशाखातली ती पट्टी हाती आली. हळदीची एकूण रक्कम ६१२ रुपये. हमाली, तोलाई आणि अडत मिळून साडेसत्तावीस वजा. आधी घेतलेली उचल व तिचे व्याज ५४३ वजा. निव्वळ देणे ४१ रुपये ५० पैसे. वर्षभराच्या कष्टानंतर हातात पडलेली रक्कम ही. बेरीज-वजाबाकी बरोबर होती. बरोबर असल्याची मनाशी खूण केली आणि कागद गठ्ठ्यात परत ठेवताना तो सहज उलटला.

झाड तेथे होते.

पंचावन्न वर्षांनी मी ते पाहत होतो, आणि पहिल्यांदाच मला त्या कागदाच्या दोन्ही बाजू एकत्र दिसल्या. ज्या संध्याकाळी अण्णांच्या हाती साडेएक्केचाळीस रुपये आले होते, त्याच संध्याकाळी त्यांनी तोच कागद पालथा घालून मुलासाठी झाड काढले होते. त्या दिवशी त्यांच्या आवाजात मला काहीही वेगळे जाणवले नव्हते. ज्या अडत्याकडे उचल फिटली त्याच्याविषयी एक कडवट शब्द नव्हता. त्यांनी लेश्या मला शिकवली असे मी समजत होतो. प्रत्यक्षात त्या संध्याकाळी ते तिच्या एका पायरीवर शांतपणे बसले होते आणि मी त्यांच्या मांडीपाशी बसून पीत-पद्म घोकत होतो.

मग मी माणसांकडे पाहिले आणि मला स्वतःची जागा शोधावीशी वाटली. बुंध्यावर कुऱ्हाड टेकवलेला दुसरा माणूस मी. यात शंका नव्हती. पण तेवढ्याने सुटका होईना. चित्रातले सहाही जण भुकेले होते. पहिलासुद्धा. मी भुकेला नव्हतो. मला त्या २,१०० रुपयांची गरज नव्हती, त्या लाकडाची नव्हती, फळांची तर नव्हतीच. मला फक्त हिशेब पूर्ण करायचा होता. रंगीत चित्रातल्या काळ्या-निळ्या माणसांकडे पाहून ‘हा मी नव्हे’ म्हणणे सोपे होते. या करड्या, बिनचेहऱ्याच्या माणसाला नाकारता येईना. चेहऱ्याच्या मोकळ्या जागेत माझाच चेहरा बसत होता.

त्या दुपारी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. माणसे मोजली तर पाचच भरत होती. अण्णा सहावा विसरले काय? भिंग घेऊन पाहिले. तळाशी, घडीच्या चिरेजवळ, ज्याला मी दगड समजलो होतो तो वाकलेला माणूस होता. पाठीची एक कमान आणि पुढे पसरलेला तळवा, एवढीच रेष. तीही फिकट. मुळाशी उभ्या असलेल्या पहिल्यासाठी पेन्सिल सर्वांत दाबली गेली होती, शेवटच्यासाठी सर्वांत कमी. हे अण्णांनी मुद्दाम केले असेल असे मी म्हणणार नाही. पेन्सिलीचे टोक झिजले असेल, कागद संपत आला असेल. पण जो सर्वांत कमी घेतो तो सर्वांत कमी दिसतो, हे त्या रेषेने मला जसे सांगितले तसे कोणत्याही प्रवचनाने सांगितले नव्हते.

त्या वर्षी क्षमावाणीला मी छापील पत्र पाठवले नाही. कागद पाकिटात घालून स्वतः गावी गेलो.

दादा तेव्हा सत्तरीला टेकले होते. वहिनींनी पाणी आणून दिले आणि त्या आत गेल्या. मी पाकीट दादांच्या हातात दिले. त्यांनी चित्राकडे पाहिले. मग कागद उलटून पुढची बाजू बराच वेळ वाचली.

“ही उचल आक्काच्या लग्नाची,” ते म्हणाले. “त्या दिवशी मी अण्णांच्या बरोबर होतो. येताना यष्टीचं पैसं नकोत म्हणून आम्ही सांगलीहून चालत आलो. तुला ठाऊक नाही.”

मला ठाऊक नव्हते. पुढची बाजू दादांना पाठ होती आणि मागची मला. एकाच कागदाच्या दोन बाजू घेऊन आम्ही दोघे इतकी वर्षे वेगवेगळ्या घरांत राहत होतो.

मी म्हणालो, “दादा, ते जांभूळ माझ्या हट्टापायी गेलं. मला क्षमा करा.”

ते लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वाटणीपत्रावर सही माझीबी होती. मीबी म्हणू शकत होतो, न्हाई तोडायचं म्हणून. रागानं म्हटलो न्हाई. चल, ओढ्याकडं जाऊन येऊ.”

छब्बीस वर्षांनी मी त्या बांधावर उतरलो. तेथे झाड होते. एक बुंधा नव्हे, शेजारी शेजारी तीन, आणि तिन्हींचा घेर वर एकत्र झालेला. लाकूडवाल्याला मुळेही खणून न्यायची होती, सरपण म्हणून त्यांचेही पैसे आले असते. दादांनी ती खणू दिली नव्हती. पुढच्याच पावसात थुटाला धुमारे फुटले. त्यांतले तीन राखून बाकीचे त्यांनी छाटले होते आणि गुरांनी खाऊ नयेत म्हणून काही वर्षे काट्यांचे कुंपण घातले होते. हे त्यांनी मला कधी कळवले नाही आणि मीही कधी विचारले नाही.

‘मूळ राहिलं तर फूट येती.’ पहिल्या आणि दुसऱ्या माणसातला तो फरक मी लहानपणी विचारून घेतला होता आणि विसरलो होतो. दादा त्या संध्याकाळी सोप्यात होते की नव्हते, ते मला आठवत नाही. मी त्यांना विचारलेही नाही. परंतु शास्त्रात कृष्ण व नील या दोन लेश्या वेगळ्या का सांगितल्या, याचे उत्तर त्या बांधावर उभे होते. चूक झाल्यानंतरही जो मूळ राखतो, तो परतीची वाट राखतो.

मूळ कागद आता दादांच्या घरी आहे. तो तेथेच असणे योग्य. माझ्यापाशी त्याची झेरॉक्स आहे. तीत एक उणीव राहिली आहे. सहाव्या माणसाची फिकट रेष यंत्राने टिपलीच नाही. झाडाखालची ती जागा कोरी आली. नातवाने विचारले, “आजोबा, इथं पेन्सिलीनं काढू का?” मी त्याला नको म्हटले. ती जागा तशीच मोकळी राहू दे. आपण तेथे कधी पोचू की नाही, हे ठरायला अजून अवधी आहे.

वाचकांच्या घरीही अशी एखादी रेषाकृती असेल. आईने पाटावर काढलेली रांगोळी, आजोबांनी वहीच्या समासात काढलेला बैल, मुलीने शाळेतून आणलेले वेडेवाकडे घर. तिची किंमत कलेच्या बाजारात शून्य असेल. तिच्यातील अर्थ मात्र आपण स्वतः तिच्यासमोर बसल्याशिवाय उमटत नाही. आयुष्यभर हिशेब तपासणाऱ्या एका माणसाची एवढीच विनंती आहे : पुढची बाजू जुळली म्हणून कागद लगेच गठ्ठ्यात बांधू नये. तो एकदा उलटून पाहावा.